प्रकाशाचा चित्रपट : पाहावा कसा, दाखवावा कसा

प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने जातो, हे वाक्य आपण वर्गात दरवर्षी सांगतो. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरचे अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे. एस.टी.ला त्यासाठी तास-दीड तास लागतो आणि प्रकाशाला एका सेकंदाचा पाच हजारावा भाग पुरतो. असे उदाहरण दिले, की मुले क्षणभर थबकतात. तरीही प्रकाश ‘चालतो’ ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहत नाही. दिवा लावला की खोली उजळते. उजेड आधी टेबलावर पडला आणि मग भिंतीवर, असे कुणी कधी पाहिलेले नसते.

म्हणूनच डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेतील एका गटाने प्रकाश चालताना दाखवणारी चित्रफीत जाहीर केली, तेव्हा तिचे जगभर कौतुक झाले. प्लॅस्टिकच्या बाटलीत एका टोकाकडून प्रकाशाचा एक पुंजका शिरतो, पाण्यातून पुढे सरकतो, बुचाशी पोचून उजळतो आणि टेबलावर लाटांसारखा पसरत जातो. या गटाचे प्रमुख होते डॉ. रमेश रासकर. त्यांचा जन्म नाशिकचा, अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातले. त्यामुळे महाराष्ट्रात या कॅमेऱ्याची वार्ता अधिकच आपुलकीने वाचली गेली. २०१२ साली टेड या व्याख्यानमालेत रासकर यांनी सुमारे अकरा मिनिटांचे भाषण देऊन ही फीत दाखवली. आज ते भाषण मोबाईलवर सहज मिळते आणि अनेक विज्ञानशिक्षक ते वर्गात दाखवतात.

वर्गात दाखवले जाणारे साधन म्हणून या भाषणाचे आणि फितीचे परीक्षण करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. फीत अवश्य दाखवावी. मात्र तिच्याबरोबर फिरणारे ‘सेकंदाला एक लाख कोटी चित्रे घेणारा कॅमेरा’ हे बिरुद जसेच्या तसे वर्गात नेऊ नये. ते नेले तर मुलांच्या मनात एक चुकीचे चित्र पक्के होते, आणि त्या फितीतील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट झाकली जाते.

संख्या काय सांगते

आधी संख्येकडे पाहू. इंग्रजीतील ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये, आपल्या भाषेत एक लाख कोटी. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, की एका भागाला पिकोसेकंद म्हणतात. एका पिकोसेकंदात प्रकाश हवेत ०.३ मिलीमीटर जातो. या गटाने स्वतः दिलेल्या माहितीनुसार फितीतील प्रत्येक चित्र सुमारे दोन पिकोसेकंदांचे आहे. म्हणजे दर सेकंदाला चित्रे होतात सुमारे अर्धा लाख कोटी. मथळ्यात ती पूर्ण एक लाख कोटी झाली. दुपटीचा हा फरक मोठा नाही, असे कुणी म्हणेल. पण भागाकार करून पाहण्याची सवय लावण्यासाठी नववीच्या वर्गाला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

नावाचेही तसेच आहे. या तंत्राला ‘फेम्टो-छायाचित्रण’ असे नाव दिले गेले. फेम्टोसेकंद हा पिकोसेकंदाचा हजारावा भाग. प्रकाशाचा पुंजका देणारा लेसर खरोखरच फेम्टोसेकंदांच्या मोजमापाचा आहे, कारण त्याची एक झलक सुमारे पन्नास फेम्टोसेकंद टिकते. परंतु चित्र घेण्याचा काळ दोन पिकोसेकंद, म्हणजे दोन हजार फेम्टोसेकंद. नाव झलकेवरून पडले आहे, कॅमेऱ्याच्या चित्रावरून नव्हे. एककांचा तक्ता शिकवताना हा भेद सांगितला, तर तक्ता कोरडा राहत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यानंतरचा आहे. ‘सेकंदाला इतकी चित्रे’ म्हटल्यावर मुलांना वाटते, की कॅमेरा सेकंदभर चालू होता आणि त्याने तेवढी चित्रे घेतली. प्रत्यक्षात बाटलीतून प्रकाश जाण्याची संपूर्ण घटना एका नॅनोसेकंदाच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात संपते. दोन पिकोसेकंदांचे एक चित्र धरले, तर एका नॅनोसेकंदात पाचशे चित्रे बसतात. फितीत चित्रे आहेत ती जवळपास एवढीच. आणि ही पाचशेच्या आतबाहेरची चित्रे मिळवायला एमआयटीच्या प्रयोगशाळेत लागला सुमारे एक तास. म्हणूनच रासकर यांनी स्वतः आपल्या यंत्राला जगातला सर्वांत संथ असा वेगवान कॅमेरा म्हटले होते. या विनोदातच सगळे रहस्य आहे.

तास कशासाठी लागला

प्रयोगशाळेतल्या मुख्य उपकरणाला ‘स्ट्रीक कॅमेरा’ म्हणतात. तो रासकर यांच्या गटाने शोधलेला नाही. अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करणारे रसायनशास्त्रज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक तो कित्येक वर्षे वापरत आले आहेत. त्याचे काम समजावून सांगायला आम्ही फाटक्या पोत्याचा दाखला देतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ज्वारीचे पोते आहे, त्याला भोक पडले आहे आणि ट्रॉली सरळ रस्त्याने एकसारख्या वेगाने चालली आहे. रस्त्यावर सांडलेल्या ज्वारीकडे पाहून आपण सांगू शकतो, की पोते कधी सांडू लागले, केव्हा जास्त सांडले आणि केव्हा थांबले. रस्त्यावरची जागा इथे वेळ सांगते.

स्ट्रीक कॅमेऱ्यात हेच घडते. समोरच्या दृश्यातली एकच आडवी ओळ एका अरुंद फटीतून आत येते. आत प्रकाशाचे रूपांतर इलेक्ट्रॉनांत होते. ते इलेक्ट्रॉन दोन पट्ट्यांमधून जातात आणि त्या पट्ट्यांवरचे विद्युतदाब झपाट्याने बदलत असते. त्यामुळे आधी आलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर एका जागी पडतात, नंतर आलेले दुसऱ्या जागी. बारावीच्या प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोप किंवा जुन्या टीव्हीची नळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. पडद्यावर जे उमटते त्याची एक बाजू असते जागा आणि दुसरी बाजू वेळ.

आता अडचण लक्षात येईल. कॅमेऱ्याला एका वेळी दिसते एकच ओळ. पूर्ण दृश्य हवे असेल तर आरसा किंचित फिरवून दुसरी ओळ, मग तिसरी ओळ, अशा शेकडो ओळी घ्याव्या लागतात. दुसरी अडचण अशी, की दोन पिकोसेकंदांत कॅमेऱ्यापर्यंत पोचणारा प्रकाश फार थोडा असतो. एका झलकेत पडद्यावर काही धड उमटतच नाही. म्हणून लेसर सेकंदाला काही कोटी वेळा तीच झलक सोडतो, कॅमेरा दर वेळी अचूक त्याच क्षणी सुरू होतो आणि कोट्यवधी झलकांची बेरीज होऊन एक ओळ तयार होते. मग पुढची ओळ. शेवटी या सगळ्या ओळी संगणक एकत्र विणतो.

म्हणजे फितीत आपल्याला जो ‘एक’ पुंजका बाटलीतून जाताना दिसतो, तो एक नाही. त्याचे नाक एका झलकेचे, शेपूट दुसऱ्या झलकेचे, आणि प्रत्येक ठिपका कोट्यवधी झलकांचा मिळून झालेला. असा पुंजका कधीही बाटलीतून गेलेला नाही. तरीही फीत खोटी नाही, कारण प्रत्येक झलक आधीच्या झलकेसारखीच वागते. फितीचा सारा खरेपणा या एका गृहीतावर उभा आहे. गृहीत बळकट आहे, पण ते गृहीत आहे हे सांगायला हवे.

भाषणाचे गुणदोष

रासकर यांनी भाषणात ही गोष्ट लपवलेली नाही. झलक पुन्हा पुन्हा सोडून, अचूक वेळ साधून, प्रचंड माहिती गोळा करून संगणकाने ती विणावी लागते, हे ते स्वच्छ सांगतात. पण एवढ्या मोठ्या गोष्टीला त्यांनी फारच थोडा वेळ दिला आहे. शिवाय भाषणाची मांडणी श्रोत्याला दुसरीकडे नेते. आरंभी ते एमआयटीचेच हॅरॉल्ड एजर्टन यांचे सफरचंद फोडून जाणाऱ्या बंदुकीच्या गोळीचे छायाचित्र दाखवतात. १९६४ सालचे हे चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यानंतर ‘आता गोळीच्या दहा लाख पट वेगाने जाणारी वस्तू पाहा’ अशा क्रमाने प्रकाशाची फीत येते. दोन्ही चित्रे एकाच जातीची आहेत, असा समज होणे साहजिक आहे. परंतु एजर्टन यांच्या चित्रात गोळी एक, सफरचंद एक आणि प्रकाशाचा झोत एकदाच पडलेला. ते सफरचंद पुन्हा फोडता येत नाही. प्रकाशाच्या फितीत मात्र घटना कोट्यवधी वेळा घडवलेली आहे. मोजमापाच्या दृष्टीने ही दोन चित्रे वेगळ्या जातीची आहेत, आणि शिक्षकाने फीत थांबवायची ती इथे.

हा केवळ शब्दच्छल आहे का? नाही. घटना पुन्हा हुबेहूब घडत नसेल, तर हे तंत्र निरुपयोगी ठरते. काच तडकताना, स्फोट होताना, जिवंत पेशीत काही क्षणभर घडताना दुसरी संधी नसते. म्हणून इतर वैज्ञानिक वेगळ्या वाटेने गेले. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील लिहाँग वांग यांच्या गटाने २०१४ साली ‘नेचर’मध्ये एक पद्धत मांडली. तिच्यात एकाच घटनेची, एकाच वेळी, सेकंदाला दहा हजार कोटी चित्रांच्या गतीने नोंद घेता येते. ही गती रासकर यांच्या फितीहून कमी आहे. तरी ते मोठे पाऊल मानले गेले, कारण घटना एकदाच घडली तरी चालते. २०१८ साली वांग यांनीच कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ही गती दहा लाख कोटींपर्यंत नेली. केवळ संख्येची शर्यत लावली, तर २०११ ते २०१४ हा प्रवास मागे गेल्यासारखा दिसेल. प्रश्न कोणता सोडवला हे पाहिले, तरच तो पुढे गेलेला दिसतो.

भाषणाचा दुसरा भाग कोपऱ्यापलीकडचे पाहण्याविषयी आहे. लेसरची झलक समोरच्या भिंतीवर टाकायची. ती विखुरते, थोडा प्रकाश आडोशामागच्या वस्तूवर जातो, तिथून पुन्हा भिंतीवर येतो आणि मग कॅमेऱ्यात. प्रत्येक वाटेला लागलेला वेळ मोजून लपलेल्या वस्तूचा आकार संगणक काढतो. अँड्रियस वेल्टन, रासकर आणि सहकाऱ्यांनी हे मार्च २०१२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध केले. आमच्या मते रासकर यांच्या गटाची खरी झेप इथे आहे. कॅमेरा म्हणजे उजेड आणि सावली टिपणारी पेटी, ही कल्पना सोडून त्यांनी त्याला प्रकाशाच्या येण्याची वेळ मोजणारे घड्याळ बनवले. हेच तत्त्व सोप्या रूपात आज लोकांच्या हातात आले आहे. काही महागड्या मोबाईलमध्ये, प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून समोरच्या वस्तूचे अंतर काढणारा संवेदक असतो.

श्रेयाविषयीही एक शब्द. आपल्याकडे अशा बातमीचे रूपांतर चटकन ‘नाशिकच्या सुपुत्राने लावलेला शोध’ असे होते. रासकर यांचे काम मोठे आहे. २०१६ साली त्यांना पाच लाख डॉलरचा लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे. पण हा प्रयोग भौतिकी, रसायन आणि संगणकशास्त्र यांतल्या माणसांनी मिळून केला. प्रकाशकीचा मोठा भार वेल्टन यांनी उचलला. सहकाऱ्यांत रसायनशास्त्रज्ञ माउंगी बावेंडी होते, ज्यांना पुढे २०२३ साली वेगळ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मिळालेली माहिती नीट दृश्यरूपात मांडण्यात स्पेनमधील झारागोझा विद्यापीठातील दिएगो गुतिएरेझ यांच्या गटाचा वाटा होता. २०१३ सालच्या सविस्तर शोधनिबंधावर ही सारी नावे आहेत. एकट्या हुशार माणसाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मुलांना जास्त उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते.

मुलांनी विचारलेले प्रश्न

जालना जिल्ह्यातील काही माध्यमिक शाळांत आम्ही ही फीत नववी-दहावीच्या मुलांना दाखवली. आधी काही न सांगता दाखवायची आणि मग प्रश्न लिहून घ्यायचे, अशी पद्धत ठेवली. दोन प्रश्न जवळपास प्रत्येक वर्गात आले, आणि दोन्ही आमच्या अपेक्षेपेक्षा खोल होते.

पहिला प्रश्न : प्रकाश बाटलीत उजवीकडे चालला आहे, मग तो बाजूला ठेवलेल्या कॅमेऱ्याला दिसला कसा? या प्रश्नाचे उत्तर पत्र्याच्या शाळेत लगेच मिळते. पत्र्याच्या भोकातून येणारा कवडसा हवेत दिसतो, तो धुळीमुळे. खडूचे फडके झटकले की तो ठसठशीत होतो. धूळ नसेल तर जमिनीवरचा गोल ठिपका तेवढा दिसतो, मधली वाट दिसत नाही. बाजूने जाणारा प्रकाश आपल्याला कधीच दिसत नाही. त्यातला जो भाग विखुरला जाऊन डोळ्यांत येतो, तेवढाच दिसतो. फितीतल्या बाटलीतही प्रकाश विखुरला जातो, म्हणून ती फीत शक्य झाली.

दुसरा प्रश्न एका मुलीने विचारला, तो असा : विखुरलेला प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत यायलाही वेळ लागणारच, मग दिसते ते खऱ्या क्रमाने दिसते का? नदीच्या पलीकडे कुणी कपडे आपटत असेल, तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो, हे मुलांना माहीत असते. इथे तर खुद्द प्रकाशच उशिरा येतो. टेबलाचा एक कोपरा कॅमेऱ्यापासून तीस सेंटीमीटर अधिक लांब असेल, तर तिथली घटना एक नॅनोसेकंद उशिरा दिसेल. सगळी फीतच मुळी एका नॅनोसेकंदाच्या आसपासची! त्यामुळे कच्च्या फितीत काही घटना प्रत्यक्ष क्रमापेक्षा वेगळ्या क्रमाने दिसतात. रासकर यांच्या गटाला हे ठाऊक होते. प्रत्येक बिंदूचे अंतर मोजून त्यांनी वेळ दुरुस्त करण्याची रीत बसवली आणि ती शोधनिबंधात मांडली. नववीतल्या मुलीला सुचलेली शंका शास्त्रज्ञांनाही सोडवावी लागली होती, हे त्या वर्गाला कळले, तेव्हा तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

पुन्हा पुन्हा घडणाऱ्या घटनेतून एक चित्र विणणे म्हणजे काय, हे हातांनी करून पाहता येते. दोन मीटर लांबीची पी.व्ही.सी. नळी उभी चिरून तिची पन्हळ करावी आणि एक टोक सुमारे सात सेंटीमीटर उचलावे. वरच्या टोकाशी गोटी सोडली की ती साधारण चार सेकंदांत खाली येते. पन्हळीवर दर वीस सेंटीमीटरला खूण करावी. पुठ्ठ्याला एक सेंटीमीटर रुंदीची फट पाडून तो पहिल्या खुणेसमोर उभा करावा. एका विद्यार्थ्याने फटीतूनच पाहायचे. दुसऱ्याने गोटी सोडताना ‘सोडली’ म्हणायचे. पहिल्याने त्या हाकेला मोबाईलचे थांबघड्याळ सुरू करायचे आणि गोटी फटीत दिसताच ते बंद करायचे. प्रत्येक खुणेसाठी गोटी पाच वेळा सोडून सरासरी काढावी. मग पुठ्ठा पुढच्या खुणेवर न्यावा.

सगळ्या खुणा संपल्यावर अंतर आणि वेळ यांचा आलेख काढावा. त्यात गोटी वरून खाली वेग घेत घरंगळताना स्पष्ट दिसते. दुप्पट वेळेत चौपट अंतर, हा गॅलिलिओचा नियमही बऱ्यापैकी उमटतो. आता मुलांना विचारावे : ही कितव्या खेपेची गोटी आहे? उत्तर असे, की कोणत्याच एका खेपेची नाही. पन्नास खेपांची मिळून ती झाली आहे. मग एका खेपेला गोटी मुद्दाम जरा खालून सोडावी आणि आलेखातला तो बिंदू कसा बाहेर पडतो ते दाखवावे. ‘प्रत्येक खेप सारखी आहे’ या गृहीताची किंमत तेवढ्याने कळते. हाताने घड्याळ दाबताना सेकंदाच्या पाचव्या भागाइतकी चूक सहज होते. ती सरासरीने कमी होते, पण नाहीशी होत नाही, हेही इथेच सांगावे. फितीसाठी कोट्यवधी झलका का लागल्या, ते मग वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

आपल्या खिशातील कॅमेरा

कुणी म्हणेल, एमआयटीच्या प्रयोगशाळेतील एका फितीविषयी एवढी चिकित्सा जालना-परतूर-भोकरदनच्या शाळांत कशाला? कारण तीच युक्ती आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईलने रात्री चित्र काढताना आपल्याला वाटते, एकदा बटण दाबले, एक चित्र आले. अलीकडचे बहुतेक फोन त्या वेळी अनेक चित्रे लागोपाठ घेतात, हात हलल्याने झालेला फरक जुळवून घेतात आणि सगळ्यांची बेरीज करून एक स्वच्छ चित्र आपल्यापुढे ठेवतात. अंधारात प्रकाश कमी, म्हणून बेरीज करायची. स्ट्रीक कॅमेऱ्याने केले तेच हे. यात खोटे काही नाही, कारण सर्व भाग मोजलेले आहेत.

परंतु त्यापुढची एक पायरी आहे. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या एका फोनविषयी वाद झाला. एका वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र पडद्यावर ठेवून फोनने त्याचा फोटो काढला, तर फोटोत मूळ चित्रात नसलेले बारकावे उमटले. चंद्र ओळखून त्याचे तपशील अधिक स्पष्ट करण्याची सोय फोनमध्ये असल्याचे कंपनीने स्पष्ट केले. इथे फोनने मोजलेल्या गोष्टींची बेरीज केली नव्हती. जे मोजलेच नाही, ते त्याने आधी शिकलेल्या चित्रांच्या आधारे भरले होते. विणलेले चित्र आणि भरलेले चित्र यांतला हा भेद साध्या डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या जिल्ह्यात छायाचित्र आता केवळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या शेतात उभा राहून कपाशीचा, सोयाबीनचा, तुरीचा फोटो मोबाईलने काढतो, आणि त्या नोंदीवरून सातबाऱ्यावर पिकाचा पेरा चढतो. अनेक घरांत हे काम शाळेत जाणारी मुलेच वडिलांना करून देतात. म्हणजे फोटो हा पुरावा झाला आहे, आणि तो पुरावा आपल्याच विद्यार्थ्यांच्या हातून तयार होतो आहे. त्या फोटोत काय मोजलेले आहे, स्थळ आणि वेळ कुठून आली, फोनने स्वतःहून काय बदलले असू शकते, हे ज्याला कळत नाही, तो दुसऱ्याने पुढे केलेल्या फोटोवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. किंवा मग, सगळेच फोटो खोटे असे म्हणून मोकळा होतो. दोन्ही सवयी घातक आहेत.

तेव्हा प्रकाशाची फीत वर्गात दाखवावी, पण एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा काही न बोलता, मुलांना आश्चर्याचा पुरता आनंद घेऊ द्यावा. मग कवडसा, फाटके पोते आणि गोटीची पन्हळ. त्यानंतर फीत पुन्हा लावावी आणि मुलांना तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहायला सांगावीत. हे चित्र किती वेळा घडलेल्या घटनेचे आहे? यातले मोजलेले किती आणि भरलेले किती? दिसणारा क्रम हा घडण्याचा क्रम आहे का? या फितीपुरती उत्तरे अशी : घटना कोट्यवधी वेळा घडलेली, बारकावे बाहेरून भरलेले नाहीत, आणि क्रम दुरुस्त केल्यावरच खरा. पुढच्या आठवड्यात मुलांनी घरच्या मोबाईलवरचा कोणताही एक फोटो निवडून तेच तीन प्रश्न त्याला लावावेत. उत्तरे सगळ्यांना सापडतील असे नाही. काही प्रश्नांना ‘या फोनवरून कळत नाही’ हेच प्रामाणिक उत्तर असेल, आणि त्यालाही पूर्ण गुण द्यावेत.